पत्र्याची चकती

आबा, हात तेलाचे आहेत, त्यामुळे या कागदावर डाग पडणार. पडू देत. हात धुऊन, केस नीट करून टेबलाशी बसले असते तर लिहिण्याचा धीर हात धुतानाच गेला असता, हे मला माझं ठाऊक आहे. तुमचा चाकू माझ्यासमोर ओट्यावर, कालच्या पेपरवर, सुटा पडलाय. पातं वेगळं, पाठीची पट्टी वेगळी, शिसवी मुठीच्या दोन बाजू वेगळ्या, तिन्ही स्क्रू वाटीत. उद्या खंडेनवमी. उद्या सकाळपर्यंत तो जोडून, पुसून, पाटावर मांडायचा आहे. आणि मी, चौपन्न वर्षांची बाई, शाळेत जिच्या चपलांचा आवाज आला की अख्खा वर्ग चिडीचूप होतो, ती सकाळपासून एकटीच हसतेय. हे दोनदा येऊन बघून गेले. दुसऱ्यांदा जरा काळजीनंच म्हणाले, "अगं, बरी हायस न्हवं?" मी म्हटलं, "बरी न्हाई. लई बरी हाय." ते चहाचं बघायला गेले.

सगळं क्रमानं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, पोरीला शिकवून मास्तरीण केली पण बोलणं काही सरळ होईना. हा चाकू मी या घरात कुणालाही कधी खोलू दिला नाही आणि स्वतःही खोलला नाही, कारण त्याच्या आत काय आहे ते मला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं. बेचाळीस वर्षांपूर्वी मी तिथं एक चोरी लपवून ठेवली होती. ती तुम्हाला कळली की नाही, आणि नसेल कळली तर तिच्यामुळं तुम्ही स्वतःला काय काय समजत राहिलात, हा प्रश्न एवढी वर्षं माझ्या बोकांडी बसला होता. आज सकाळी उत्तर मिळालं.

तुम्हाला चाकू आठवत असेलच, तुम्हीच तर केलेला. उद्यमनगरात लेथवर असताना लोखंड कापायच्या पॉवर हॅक्सॉचं एक मोडकं पातं तुम्ही घरी आणलंत आणि ते घासून घासून त्याचं हे पातं केलंत. बाकीचे कामगार असे चाकू करायचे ते रिवेट ठोकून कायमचे बंद करून टाकायचे. तुम्ही मात्र तिन्ही ठिकाणी स्क्रू घातलेत. आईनं विचारलं होतं, एवढा उपद्व्याप कशाला. तुम्ही म्हणालात, "खोलाय आलं पायजे. न्हाईतर आत काय चाललंय कसं कळायचं?" त्या चाकूनं तुम्ही डब्यातला कांदा कापलात, वायर सोललीत, उसाच्या गंडेऱ्या केल्यात, माझ्या पेन्सिलींना टोकं काढलीत. बोर्डाच्या परीक्षेला मी नेलेल्या पेन्सिलीचं टोक इतकं लांब होतं की सुपरवायझर बाईंनी ती हातात घेऊन बघितली होती.

आणि अष्टमीची दुपार. ती तर माझ्या सगळ्या सणांत वरची. दिवाळी पडली मागे. तुम्ही आंघोळ करून, बनियनवर, स्वयंपाकघराच्या फरशीवर पेपर पसरता. एका वाटीत रॉकेल, एका वाटीत शिलाई मशीनचं तेल, आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी. मी समोर मांडी घालून. तुम्ही डिसमिसनं एकेक स्क्रू काढता आणि माझ्या तळहातावर ठेवता, मोजायला. मग पातं सुटतं आणि त्याच्या दोन्ही अंगांच्या पितळेच्या चकत्या निघतात, इतक्या पातळ की फुंकर मारली तर उडतील. "ह्या चकत्या हायत म्हणून पातं मुठीला घासत न्हाई," तुम्ही दर वर्षी सांगता, जणू पहिल्यांदाच सांगताय, आणि मी दर वर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवते. सगळं पुसून झालं की जोडायचं. इथं माझं काम येतं. पाठीची पट्टी ताणाची असते, ती आत दाबल्याशिवाय मधल्या स्क्रूची भोकं जुळत नाहीत. मी चाकू पाठीवर, पाटावर उभा धरते आणि दोन्ही तळव्यांनी, सगळ्या अंगाचा भार टाकून दाबते. तुम्ही डोळा लावून भोकातून बघता. "दाब. आनी. आनी थोडं. हां, सोडू नगंस." मग स्क्रू आत जातो. एका माणसाचं ते काम नव्हेच. दोघं लागतात. तुम्ही आईला हाक मारून सांगायचात, "आमचं झालं गं," आणि त्या 'आमचं'मुळं मी दिवसभर हवेत असायची.

मी सहावीत असताना, खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी, तुम्ही रातपाळी करून आलात आणि जेवून झोपलात. आई शेजारी गेली होती. चाकू तुमच्या खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात होता. मला तुम्हाला चकित करायचं होतं, एवढंच. आपण अष्टमीला बसू तेव्हा म्हणायचं, आबा, मी एकटीनं सगळा खोलून साफ करून ठेवलाय, बघा. खोलला. साफ केला. जोडताना दाबायला दुसरं माणूस नव्हतं, तर एका गुडघ्यानं दाबत होते. पट्टी निसटली. ठप्पकन आवाज झाला आणि एक पितळी चकती उडाली ती उडालीच. चूल, पिठाचा डबा, मोरी, सगळं धुंडाळलं. आतून तुमचं घोरणं ऐकू येत होतं. शेवटी दप्तरातली कंपासपेटी काढली. तिच्या झाकणाचा कोपरा आईच्या शिवणाच्या कात्रीनं कापला, खिळ्यानं मधे भोक पाडलं, आणि वेडीवाकडी पत्र्याची चकती करून पितळीच्या जागी बसवली. नंतर दोन पाट घेतले, मधे चाकू ठेवला, वर गुडघे टेकले आणि स्क्रू एकदाचा आत गेला. पातं उघडताना कर्र असा आवाज आला. मी चाकू खिशात ठेवला आणि कंपासपेटी दुसऱ्या दिवशी शाळेमागच्या ओढ्यात टाकली. आईला सांगितलं, हरवली. कात्रीला खांडा पडलेला तिला दिसलाच. "दगडं कापलीस व्हय गं ह्येनं?" म्हणून पाठीत एक धपाटा बसला. तो मला आवडला, खरं सांगते. कुणीतरी काहीतरी शिक्षा केली.

अष्टमीला तुम्ही पेपर पसरलात, पातं उघडलंत, आणि थांबलात. परत मिटलंत, परत उघडलंत. कर्र. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत, चाकूकडं बघूनच विचारलंत, "ह्यो कुणी खोललाता काय गं?"

"न्हाई," मी म्हणाले.

"न्हाई?"

"न्हाई आबा."

तुम्ही पातं मिटलंत आणि म्हणालात, "मग माझ्याच हातचं कायतरी चुकलं असल गेल्या खेपंला." पेपर गुंडाळलात. "ऱ्हाऊ दे. कारखान्यात नेऊन बघतो." आणि उठलात. आईनं आतून विचारलं, "झालं तुमचं?" तर कुणीच उत्तर दिलं नाही. त्यानंतर अष्टमीला आपण पुन्हा कधी बसलो नाही. तुम्ही दर वर्षी चाकू कारखान्यातच, तिथल्या व्हाइसच्या शिकंज्यात दाबून, एकटेच साफ करून आणायचात. आतला पत्रा माझा म्हणून ओळखलात, की आपणच चुकून घातला असं समजलात, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. माझ्या एका 'न्हाई'नं आपली बैठक मोडली, हे मला बाराव्या वर्षी नीट कळलं होतं. त्याहून वाईट ते पुढच्या उन्हाळ्यात झालं. तुम्ही लेथ सोडून स्टोअरला बदली मागून घेतलीत. आईशी बोलताना तुमचे शब्द मी भिंतीआडून ऐकले, "पयल्यासारखं जमंना आता." मी तिथंच ठरवून टाकलं की हे माझ्यामुळं. ज्या माणसाच्या हाताची चूक लेथवरच्या मालात सापडत नव्हती, त्याला मी त्याच्याच हाताबद्दल खोटं पटवून दिलं. तुमच्या समोर बसून जेवताना तुमच्या बोटांकडं बघायची मला भीती वाटायची.

मला चंदगडला नोकरी लागली त्या दिवशी तुम्ही एसटी स्टँडवर आलात. गाडी लागली होती, मी खिडकीत. तुम्ही खालून हात वर करून चाकू माझ्या हातात दिलात. "तिकडं पाऊस लई. तेल घालत जा," म्हणालात. मग गाडी हलायला लागली तसे दोन पावलं सोबत चाललात आणि म्हणालात, "खोलाय येतंय की तुला." मला वाटलं, तुम्हाला आपल्या जुन्या दुपारी आठवल्या. घाट चढेपर्यंत माझं रडणं थांबलं नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, "पयल्यांदाच सासरी चाललीस व्हय?" मी मान डोलावली, कोण सांगत बसतंय.

चंदगडच्या पावसात भिंतीला शेवाळ येतं, तिथं लोखंडाचं काय. मी वरवर तेल लावत राहिले. खोलला नाही. त्या पत्र्याच्या तुकड्याचं तोंड बघायची माझी छाती नव्हती. तुम्ही गेलात त्यालाही आता चौदा वर्षं झाली. कोल्हापूरला बदलून आले, मुख्याध्यापिका झाले, आणि या पावसाळ्यात चाकूनं संप पुकारला. पातं हलेना. हे म्हणाले, "नवीन घे की, मोबाईलवरनं मागवू, दोन दिवसात घरात." मी असं बघितलं की त्यांनी मोबाईल खिशात घातला.

काल शाळा सुटल्यावर उद्यमनगरात गेले. तुमच्या शेजारच्या लेथवर असायचे ते काका आठवतात? तेच, चहा बशीतून पिणारे. ते आहेत अजून, लेकाच्या वर्कशॉपमधे दाराशी स्टुलावर बसून असतात, आणि आत कुणी लेथ चुकीचा चालवला तर बाहेरून आवाजावरून शिवी घालतात. मी चाकू त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्याजवळ नेला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"तुज्या बापाचा न्हवं ह्यो?"

"व्हय काका. स्क्रू हलत न्हाई."

त्यांनी चाकू रॉकेलमधे बुडवून ठेवला, मला बशीभर चहा पाजला, मग डिसमिस लावून मनगटाला एकच हिसका दिला. स्क्रू पाव आटा फिरला. त्यांनी लगेच हात काढून घेतला. "फुडचं तुज्या तू कर. आमाला तरी कुटं हात लावू द्यायचा त्यो."

मग मी विचारलं. बेचाळीस वर्षं पोटात ठेवलेलं, रस्त्याच्या कडेला उभं राहून विचारलं. "काका, आबांचा हात शेवटी शेवटी बिघडलाता काय?"

"हात?" काका इतक्या जोरात ओरडले की आतला लेथ बंद झाला. "कुणी सांगितलं गं तुला? डोळं गेलतं त्याचं, डोळं. चष्मा लावायचा न्हाई, लाज वाटायची. माप दिसंना म्हणून स्टोअरला गेला. हात तर असा हुता की डोळं झाकून सांगायचा कुटं किती घासायचं ऱ्हायलंय. हात म्हनं!"

मी तिथून रिक्षात बसले आणि रिक्षावाल्याला घरचा पत्ता सांगायचा विसरले. पण अजून अर्धंच झालं होतं.

आज सकाळी पेपर पसरला. तीन स्क्रू, एकेक, माझ्याच तळहातावर. मुठीची एक बाजू उचलली. इकडची चकती पितळेची, तुमची, काळी पडलेली पण शाबूत. पातं उचललं. खाली दुसरी बाजू. आबा, माझी चकती तिथंच होती. तुम्ही ती काढून टाकली नव्हती. पितळेची नवी चकती कातायला तुम्हाला पाच मिनिटं लागली असती, आणि तुम्ही ती केली नाहीत. माझी वेडीवाकडी चकती घेऊन तुम्ही कानशीनं तिच्या कडा घासल्यात, गोल केल्यात, इतक्या गोल की मी तिच्यावर बोट फिरवत राहिले तरी कोपरा सापडेना. खिळ्याचं भोक ड्रिलनं नीट केलंत. पात्याकडची बाजू पॉलिश पेपरनं आरशासारखी केलीत. आणि मी ती मुठीकडून उचलून उलटी केली तर मागं पिवळा रंग, त्यावर निळ्या अक्षराचा अर्धा तुकडा. माझ्या कंपासपेटीचा. घासली जाणार नाही अशी बाजू बघून तुम्ही तो रंग तिकडं वळवून बसवला होतात. तो जरासुद्धा गेलेला नाही.

मी ओरडले असणार, कारण हे लाटणं घेऊन धावत आले. त्यांना वाटलं साप निघाला.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. त्याच आठवड्यात माहीत झालं होतं. आणि मग मला दुसरी गोष्ट आठवली आणि मी फरशीवर बसलेच. दसरा झाला त्या आठवड्यात तुम्ही नवी कंपासपेटी आणली होतीत. मी मागितली नव्हती, हरवल्याचं मी फक्त आईला सांगितलं होतं, आणि तुम्ही ती माझ्या दप्तरावर ठेवून म्हणाला होतात, "हिला नीट वापर, लई कामाची असतीय." मी तेव्हा देवाचे आभार मानले होते. देव कारखान्यात बसून माझा पत्रा घासत होता तर!

आता भांडते जरा. एवढं सगळं केलंत, आणि तोंडानं एक शब्द बोलायला काय झालं होतं? 'कळलं मला' एवढंच म्हणायचं होतं. मी रडले असते, तुम्ही डोक्यावर टपली मारली असती, आणि पुढच्या अष्टमीला आपण पुन्हा पेपर पसरला असता. किती अष्टम्या घालवल्यात आबा तुम्ही! मी घालवल्या हे खरं, पण तुम्हीही घालवल्यात. मला फार राग आला. राग आला आणि मी तुमची चकती गालाला लावून बसले होते, अशी सगळी गंमत. ह्यांनी गालावरचं तेल पुसायला फडकं आणून दिलं. जावई चांगला मिळालाय, हे तुम्ही म्हणायचात ते आता मान्य.

जरा थांबते. चाकू जोडून येते.

झाला. दाबायला ह्यांना बसवलं. पाट नाही घरात, पोळपाट घेतला. "दाबा," म्हणाले. "दाबतोय की." "आणखी. आणखी थोडं. सोडू नका हां." मी भोकाला डोळा लावला होता आणि माझ्या तोंडून तुमचा आवाज निघत होता, अगदी तुमचा, तो खालच्या पट्टीतला. पहिल्यांदा पट्टी निसटली. माझा जीव चकतीत, पण ती जागची हलली नाही, तुम्ही बसवलीय ती. दुसऱ्यांदा भोकं जुळली, स्क्रू गेला. पातं उघडलं. कर्र नाही, काही नाही. तेलातून सरकलं आणि टक्कन उभं राहिलं. मी पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं, वीस वेळा तरी. ह्यांनी एक पेरू आणून ठेवला. मी तो कापला, आणि आम्ही दोघांनी उभ्याउभ्याच मीठ लावून खाल्ला. मी म्हटलं, "आमचं झालं." ते म्हणाले, "कुणाला सांगतीयस?"

तुम्हाला सांगत होते. आता राहिलं ते एवढंच. चाकू दिल्यावर दर खंडेनवमीला तुम्ही मला विचारायचात. मी दसऱ्याला घरी आले की समोर बसून, पुढं फोन आल्यावर फोनवर. पूजा झाली का, गोडाचं काय केलंस, आणि शेवटी, फोन ठेवता ठेवता, "चाकू खोललास का गं?" मी दर वर्षी म्हणायची, "व्हय आबा, खोलला." तुम्ही गप्प व्हायचात. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबायचात, हे मला आज कळतंय. मग म्हणायचात, "बरं, बरं." तुम्हाला वाटत राहिलं असणार की पोरीनं आत बघितलंय, ओळखलंय, आणि तरीही तिला काही बोलावंसं वाटत नाही. शेवटच्या वर्षी दवाखान्यातून फोन केलात तेव्हाही तेच विचारलंत, आणि मी तेच उत्तर दिलं.

हे पत्र मी पाकिटात घालणार नाही. पत्ता कुठला लिहू? उद्या पूजेला चाकूखाली ठेवीन आणि मग घडी करून चाकूसोबतच डब्यात जपून ठेवीन. खोलला होता तेव्हा मी तुम्हाला 'न्हाई' म्हणाले, आणि सतरा वर्षं खोलला नव्हता तेव्हा 'व्हय' म्हणत राहिले. मी आत कधीच बघितलं नव्हतं, आबा. आज बघितलं.